ऑस्टियाचा हत्ती

त्या काळात न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत कुणी सुट्टीवरून परत आलं, की बाकीचे आधीच सबबी शोधायला लागायचे. कारण महिन्याभरात बोलावणं ठरलेलं असायचं: शनिवारी संध्याकाळी, बेसमेंटमध्ये, स्लाइड शो. भिंतीवर पांढरी चादर, खुर्च्या पुरत नाहीत म्हणून खाली सतरंज्या, शेवटी पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम आणि सावर क्रीमचं श्रीखंड. ते श्रीखंड पदरात पडेपर्यंत यजमान कुटुंबाला जगातल्या प्रत्येक प्रसिद्ध इमारतीसमोर उभं राहिलेलं बघायचं. इमारत दिसलीच तर त्यांच्या खांद्यावरून. पॅरिसचा तो मनोरा एका काकूंच्या अंबाड्यातून उगवलेला मी पाहिला आहे.

माझा नवरा मात्र या प्रकारातला राजा होता. लोक त्याच्या स्लाइड्सना नव्हे, त्याच्या बोलण्याला यायचे. त्याला प्रत्येक शोला एक गिऱ्हाईक लागायचं. एरवी ते गिऱ्हाईक मी असे. नायगाराला माझी साडी कशी भिजली, डिस्नेलँडमध्ये मला कशी ओकारी झाली, हे आख्ख्या न्यू जर्सीला पाठ होतं. मी हसून सोडून द्यायचे. एका शनिवारी त्यानं माझ्या वडिलांना घेतलं, आणि तो राग अजून शिळा झालेला नाही.

माझे वडील, अण्णा, चौलजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. चौल म्हणजे आता नारळी-पोफळीच्या वाड्यांचं सुस्त गाव. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते बंदर होतं, तिथला माल पार रोमच्या बाजारापर्यंत जायचा. पुढे खाडी गाळानं भरली, जहाजं यायची थांबली आणि गावाला आपण कोण होतो ते आठवेनासं झालं. अण्णांच्या वर्गात कोळ्यांची, वाडीवाल्यांची मुलं असत. जग मुंबईत सुरू होतं आणि तिथेच संपतं, आपण त्याच्या बाहेरचे, अशी त्यांची पक्की समजूत. ती समजूत मोडायची, एवढं एकच काम अण्णांनी जन्मभर केलं.

त्यासाठी त्यांच्याकडे एक हत्यार होतं. कधीतरी रद्दीत मिळालेल्या परदेशी मासिकातलं एक चित्र त्यांनी कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. पांढऱ्या जमिनीवर काळ्या खड्यांनी काढलेला हत्ती. खाली एवढंच छापलेलं, की रोमच्या जुन्या बंदरात, ऑस्टियात, व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांसमोरच्या फरशीवर हा आहे. हत्ती म्हणजे आपलाच, दुसऱ्या कुणाचा असणार! दरवर्षी नववीच्या वर्गात तो पुठ्ठा बाकाबाकावरून फिरायचा. "हा आपला हत्ती," अण्णा म्हणायचे. "इथून गेलेल्या माणसांनी तिथे जाऊन पेढी थाटली आणि दारात आपली खूण काढून ठेवली. तुम्ही त्यांची पोरं आहात." मी त्याच वर्गात बसले आहे. पुठ्ठा हातात यायचा तेव्हा माझीसुद्धा मान ताठ व्हायची. आणि पोरगी मास्तरांची, म्हणून मी तो जरा जास्त वेळ धरून ठेवायचे.

आई गेल्यावर, अण्णा निवृत्त झाल्यावर, मी त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेला न्यायचं ठरवलं. आम्ही दोघं भारतात गेलो होतो, येताना त्यांना घेऊन यायचं होतं. विमान रोमवरून होतं. मी म्हटलं, दोन दिवस उतरू, अण्णांना ऑस्टिया दाखवू. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. रोमला जाऊन लोक कलोसियम बघतात, कारंज्यात नाणं टाकतात, लेदरची जॅकेटं घेतात. बंद पडलेलं बंदर कोण बघतं? मी इतकी भांडले, की शेवटी त्यानं एक दिवस माझ्या पदरात टाकला. अण्णांच्या इटलीच्या व्हिसासाठी मी मुंबईत जे खेटे घातले, त्याबद्दल बोलतच नाही. सामान भरताना अण्णांनी तो पुठ्ठा दोन धोतरांच्या मध्ये ठेवला.

ऑस्टियाला रोमहून छोट्या गाडीनं जाता येतं. स्टेशनवरून पूल ओलांडला, की थोड्याच वेळात माणूस रस्त्यावर असतो तो थेट रोमनांच्याच. काळे, वरून गुळगुळीत झालेले दगड, त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या. दोन्ही बाजूंना छत्रीसारखी पाइनची झाडं. छप्परं गेलेली, भिंती उभ्या. समुद्र कुठेच दिसत नाही. नदीनं गाळ आणून आणून तो लांब ढकलून दिला आहे. अण्णा मध्येच थांबले आणि म्हणाले, "आपल्यासारखंच झालं की गं यांचं." मग ते भराभरा चालायला लागले. पंप शू घालून, धोतराचा सोगा हातात धरून, त्या चाकोऱ्या असलेल्या रस्त्यावरून माझा बाप इतका भराभर चालला, की मला पळावं लागलं.

बघण्यासारखं खूप होतं. पिठाच्या गिरणीचे माझ्या कमरेएवढे दगड होते. एक चक्क खानावळ होती, दगडी ओट्याची, भिंतीवर खाण्याचे पदार्थ रंगवलेले. ओळीनं बसायचे संडास होते, तिथे माझ्या नवऱ्यानं बसून फोटो काढून घेतला, हे सांगायला नकोच. अण्णा कशापाशी थांबले नाहीत. त्यांना नाटकगृहामागचा चौक हवा होता.

तो चौक सापडला. मोठा, गवत वाढलेला, तीन बाजूंनी लहान लहान खोल्यांच्या खुणा. प्रत्येक खोली म्हणजे कुठल्या ना कुठल्या व्यापाऱ्यांची कचेरी, आणि प्रत्येकीच्या दारात फरशीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांचं चित्र. जहाजं, दीपगृह, मासे, धान्य मोजायचं माप. अण्णा एकेका दारात वाकून बघत पुढे जात होते. आणि मग मला त्यांची हाक आली. आईच्या आजारपणानंतर त्यांचा इतका आनंदाचा आवाज मी ऐकला नव्हता.

हत्ती होता. पुठ्ठ्यावरचाच, तसाच, पण केवढा तरी मोठा. अण्णांनी बूट काढले. पिशवीतून पुठ्ठा काढला, छातीशी धरला आणि हत्तीशेजारी गुडघे टेकले. नवऱ्यानं कॅमेरा वर केला. "अण्णा, जरा हसा! अजून जरा! क्या बात है!" त्यानं एकामागून एक फोटो काढले. अण्णा हसत होते. तोंडभर, दात नसलेली बाजूसुद्धा दाखवत.

फोटो झाले आणि अण्णा उठता उठता थबकले. चित्राच्या वरच्या बाजूला अक्षरं होती. मासिकवाल्यानं चित्र छापताना ती कापली होती. रोमन लिपीच ती, वाचता येण्यासारखी. अण्णा बोटानं एकेक अक्षर लावायला लागले. सा, ब्रा. तिथेच ते थांबले. आयुष्यभर नकाशे रंगवलेला माणूस, त्याला पुढचं लावावं लागलं नाही. "साब्राथा," ते म्हणाले. "लिबियातलं बंदर आहे. हस्तिदंत यायचं तिथून." त्यांनी हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग, "हे आपलं नाही गं."

त्यांनी बूट घातले. आम्ही दोघं नाटकगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. नवरा कुठेतरी खांब टिपत होता. माझ्या तोंडून निघालं, "असू दे अण्णा, आपला माल येतच होता की इथे, ते काही खोटं नाही." ते म्हणाले, "ते खोटं नाही. पण मी पोरांना हत्ती दाखवला, माल नव्हे." आणि मग मला बजावलं, "हे तुम्ही दोघं कुणाला बोलू नका. माझं मी सांगेन. चूक माझी आहे, ती मी पुसेन." न्यू जर्सीत त्यांची एक विद्यार्थिनी होती, आमच्याच गावची, इंजिनिअरिंग करून पुढचं शिकायला आलेली. सर येणार म्हणून आम्ही भारतात असल्यापासूनच तिचे फोन सुरू होते. अण्णा म्हणाले, "सगळ्यांत आधी तिला सांगतो. मग गावी गेलो, की बाकीच्यांना."

त्याच संध्याकाळी हॉटेलात मी नवऱ्याला सगळं सांगितलं. हत्तीचं बोलायचं नाही, अण्णा स्वतः सांगणार आहेत. तो जॅकेट अंगावर घालून आरशात बघत होता. "ओके, ओके," म्हणाला.

आणि मग पार्सिपनी, आणि तो शनिवार. विद्यार्थिनी एडिसनहून बस बदलत आली होती. दारातच तिनं अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. अण्णांनी तिला आपल्या शेजारी सतरंजीवर बसवून घेतलं. जेवणं झाली की आपण जरा बाहेर फिरून येऊ, असं तिला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. दिवे गेले. प्रोजेक्टर घरघरायला लागला. कारंजं झालं, पोपचं अंगण झालं, संडासावरच्या फोटोला हवा तेवढा हशा झाला. मी वर जाऊन कुकर बंद करून आले. मी जिन्यावर असतानाच खटकन स्लाइड पडली.

चादरीवर अण्णा होते. गुडघे टेकलेले, पुठ्ठा छातीशी, तोंडभर हसणारे.

"आणि हे आमचे सासरेबुवा," माझा नवरा म्हणाला, "रोममध्ये आपल्या सख्ख्या भारतीय हत्तीला भेटले! फक्त एकच प्रॉब्लेम झाला, यार. हत्ती निघाला आफ्रिकन! तीस वर्षं मुलांना सांगितलं आपला, आपला. आणि हत्ती म्हणतो, एक्स्क्यूज मी, मी तुम्हाला ओळखत नाही!"

बेसमेंट हसलं. अंधारात कुणीतरी "गणपती बाप्पा" ओरडलं आणि बाकीच्यांनी "मोरया" केलं. पुन्हा हशा. चादरीवर अण्णा हसतच होते. खाली बसलेल्या अण्णांचं तोंड मला दिसत नव्हतं.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती मी त्या जिन्यावर अनुभवली. मी दिवा लावला. नवऱ्याला चारचौघांत मी 'अहो' म्हणायचे. त्या दिवशी ते सुचलं नाही. "तुला सांगितलं होतं ना मी?" मी ओरडले. "त्यांचं त्यांना सांगू दे, एवढं एकच मागितलं होतं ना?"

"अगं, जोक आहे," तो म्हणाला. मग सगळे बघतायत म्हणून हसून सगळ्यांकडे वळला. "मी काय मुद्दाम केलं का? मला तर विमानातच माहीत होतं. गाइडबुकात लिहिलंय सरळ, साब्राथाचा हत्ती म्हणून. म्हटलं, कशाला यांचा मूड घालवा. फोटो तर छान येऊ दे!"

म्हणजे तो कॅमेरा वर करून "अजून जरा हसा" म्हणत होता तेव्हा त्याला माहीत होतं. अण्णांनी बूट काढले तेव्हा माहीत होतं. तो गुपचूप उभा राहिला आणि त्यानं माझ्या बापाला हसवलं, शनिवारी लोकांना दाखवायला. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. ते आठवून मला लाजही वाटत नाही. दोन काका चपला शोधायला लागले होते एवढं आठवतं.

अण्णा उठून उभे राहिले तेव्हा मी गप्प बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जावयाकडेही नाही. ते विद्यार्थिनीकडे वळले. वर्गात उभे राहायचे तसेच, हात मागे बांधून.

"मी तुला सांगणारच होतो," ते म्हणाले. "जेवणानंतर. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तो हत्ती आपला नाही. मी नीट न बघता शिकवलं."

ती उठली. तिचे डोळे भरले होते. "सर, तुम्ही असं नका ना म्हणू," ती म्हणाली. "मला माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"हत्तीचं. मी मुंबईला कॉलेजात होते तेव्हा लायब्ररीत एका पुस्तकात पूर्ण फोटो बघितला. अक्षरांसकट. खाली लिहिलं होतं."

"मग सुट्टीत घरी यायचीस. मला भेटून जायचीस."

"हो सर."

"बोलली नाहीस."

"कसं बोलणार, सर? तुम्हाला?" तिनं इकडेतिकडे पाहिलं. दोन-तीन माना होकारार्थी हलल्या. आपल्या सरांना कोण तोंडावर सांगतं, की तुम्ही चुकलात? आमच्यातल्या एकानंही सांगितलं नसतं. सगळ्यांना तिचं वागणं फार चांगलं वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. माझा नवरा वाईट आणि ही मुलगी सोन्यासारखी, असा निकाल त्या बेसमेंटनं तेवढ्यात लावूनही टाकला होता. खरं सांगायचं तर मीही तोच लावला.

अण्णांचा आवाज चढला. शाळेत त्यांनी कधी छडी हातात घेतली नाही, घरी कधी ताट सरकवलं नाही. त्या दिवशी चढला.

"तुझा धाकटा भाऊ त्या वेळी सातवीत होता," ते म्हणाले. "दोन वर्षांनी तो माझ्या वर्गात आला. त्याच्या हातात मी तो पुठ्ठा दिला. त्याला तरी सांगितलंस?"

"नाही सर." ती आता रडत होती. "त्याला तो हत्ती फार आवडायचा."

"आवडायचा!" अण्णा म्हणाले. "मी शिकवत होतो, बाई. तू गप्प बसलीस आणि मी शिकवत राहिलो. तुझ्यानंतर आली ती पोरं कुणाची होती? यांनी गंमत म्हणून सांगितलं नाही, तू मान राखायचा म्हणून सांगितलं नाहीस. मला त्यात काय फरक? तुम्ही सगळ्यांनी मिळून मला माझ्या वर्गात मूर्ख करून उभं केलंत!"

प्रोजेक्टरचा पंखा चालूच होता. दिवा लागल्यामुळे चादरीवरचे अण्णा पुसट झाले होते. नवरा हळूच म्हणाला, "अण्णा, सोडा ना. एक हत्तीच तर आहे."

"मग विमानात का नाही सांगितलंत?" अण्णांनी विचारलं.

नवरा प्रोजेक्टरकडे वळला. याचं उत्तर त्याच्याकडे आजही नाही. मी मध्ये मध्ये विचारते.

शेवटी एक काकू पुढे झाल्या. "चला, चला, पानं वाढा, मसालेभात गार होतोय," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. माणसं जिन्यानं वर गेली, कागदी ताटल्या वाजायला लागल्या, कुणीतरी चटणी कुणी केली ते विचारलं. विद्यार्थिनी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली. माझा नवरा बेसमेंटमध्ये वायर गुंडाळत बसला. अण्णा खालीच एका खुर्चीवर बसले होते, त्यांचं ताट मी घेऊन गेले.

त्यांनी ताट मांडीवर घेतलं. भाताला हात लावला नाही. माझ्या मनात होतं, की सांगावं, उद्या तुम्हाला मी एडिसनला घेऊन जाते, तिच्याशी निवांत बोला. सांगावं, की याला मी सरळ करते. रागाच्या भरात मी अण्णांच्या बाजूनं लढायला कंबर कसून उभी होते. त्या घरात तेवढी मी एकटी होते, असं मला वाटत होतं.

अण्णांनी वर बघितलं. "तुला?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलंच नाही.

"तुला माहीत होतं? आधी?"

"नाही अण्णा!" मी म्हटलं. "शपथ. मी तुमच्याबरोबरच वाचलं. तिथेच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची मुलगी, आईच्या मागे त्यांना तेवढी एकच उरलेली. मग त्यांनी मान डोलावली आणि "बरं," म्हणाले. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराला ते म्हणायचे तसलं, समजूतदार "बरं". आणि जेवायला लागले.

मी खरं सांगत होते.